आई, तुझ्या नावाचं वॉरंट

दिंडोशी

प्रिय आई,

जय भीम.

निकाल लागला! आज दुपारी लागला, आणि घरी आल्यापासून मी कुणाला सांगू आणि कुणाला नको असं करत फिरतेय. सगळ्या गल्लीला सांगून झालं. मालतीकाकूने तर नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनासुद्धा पेढे दिले. तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, जिला सगळ्यांत आधी सांगायचं तिलाच सांगितलेलं नाही. म्हणून वही घेऊन बसले. संध्याकाळचे सहा वाजलेत, कुकर लावलाय आणि मी तुला पत्र लिहितेय. हसू नकोस.

आधी एक गोष्ट सांगते, ती ऐकून तू नक्की हसशील. तू गेल्यावर आठ महिन्यांनी पोलीस तुला अटक करायला आले होते. खरंच गं!

सकाळी मी कामावर निघायच्या गडबडीत, तर दारात हवालदारीणबाई. हातात कागद. "शेवंताबाई इथेच राहतात ना? तीन तारखांना हजर नाहीत. वॉरंट आहे." मी भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बोट केलं. त्यांनी फोटोतला हार पाहिला आणि मटकन पलंगावर बसल्या. तेव्हा मी त्यांना ओळखलं. कोर्ट ड्युटीवरच्या शिंदे मॅडम! तुझ्या पिशवीतली मेथी निवडत बसायच्या त्याच. म्हणाल्या, "मला वाटलं, मावशी गावी गेल्यात. म्हणून वॉरंट मीच मागून घेतलं, म्हटलं दुसरा कोणी गेला तर आवाज चढवेल." मग मी चहा ठेवला. त्या रडल्या, मी रडले, आणि मला कामावर लेट मार्क लागला.

चूक कोणाची म्हणशील, तर माझी. तुझ्या मृत्यूच्या दाखल्याच्या मी केवढ्या झेरॉक्स काढल्या होत्या! बँकेत दिली, रेशनच्या दुकानात दिली, गॅसवाल्याला दिली, मतदार यादीवाल्यालाही दिली. कोर्टात द्यायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मालतीकाकू तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन करून गावी, मालवणला पडून होती. तीही तुझ्याबरोबर आरोपी, पण कोर्टाकडून हजेरीची सूट घेतली होती तिने. फोनवर म्हणाली, "माका वाटला तू सांगितलंस." आणि मला वाटलं तिने सांगितलं. पण खरं सांगू? इतकी वर्षं ती केस तुझी होती, माझी कधी नव्हतीच. जे आपलं वाटत नाही ते माणूस कसं लक्षात ठेवणार?

मला त्या केसची लाज वाटायची, आई. तुला ते माहीत होतं, पण मी तोंडाने कधी कबूल केलं नाही. आज करते.

आणि केस तरी कसली! गल्लीच्या टोकाच्या संडासाची बायकांची बाजू कंत्राटदाराने दुरुस्तीच्या नावाखाली बंद केली, आत सिमेंटच्या गोण्या रचल्या आणि वर कुलूप ठोकलं. चार महिने झाले तरी दुरुस्ती नाही. पुरुषांची बाजू चालू, बायकांनी जायचं कुठे? तर पहाटे आरेच्या बाजूच्या झाडीत. एक जण उभी राहणार, दुसरी बसणार. बिबट्याचीही भीती आणि बॅटरी मारत फिरणाऱ्या टोळक्याचीही. तू तेव्हा म्हणायचीस, "बिबट्या तरी उगाच बघत उभा राहत नाही." मी दिवसभर पाणी प्यायचं सोडून दिलं होतं. माझ्यासारख्या किती जणी असतील, आपण कधी एकमेकींत बोललोसुद्धा नाही.

तू बोललीस. तीन अर्ज दिलेस, तिन्ही अर्जांवर पोचचा शिक्का घेतलास आणि चौथ्या वेळी अर्ज न देता अकरा बायका घेऊन वॉर्ड ऑफिसच्या जिन्यावर जाऊन बसलीस. तेही गिऱ्हाइकांच्या डब्यांची भाजी बरोबर घेऊन! घोषणा नाहीत, काही नाही. बारा जणी जिन्याच्या एका कडेला बसून गवार मोडतायत. साहेब वरून खाली आले आणि ओरडले, "इथे बसायची परवानगी काढली आहे का?" तू म्हणालीस, "साहेब, बसायला जागा मिळावी म्हणूनच तर आलोय." जिन्यावरचा शिपाईसुद्धा हसला म्हणे. साहेब हसले नाहीत. तासाभरात पोलीस आले. बेकायदा जमाव, मनाई आदेशाचा भंग. बारा जणींची नावं लिहिली आणि पहिलं नाव तुझं.

आठ दिवसांत संडासाचं कुलूप निघालं. आज नऊ वर्षं आपल्या गल्लीतल्या बायका तो वापरतायत, मीही वापरतेय. आणि तू शेवटपर्यंत आरोपी! हे मला तेव्हा नुसतं त्रासाचं वाटायचं. आता विचार केला की राग येतो.

तुझ्या तारखा मात्र बघण्यासारख्या होत्या. पहिल्याच तारखेला कोर्टाच्या गेटवर तुझी सुरी काढून घेतली. तू तिथेच वाद घातलास, "दुधी काय दाताने चिरू?" त्यानंतर तारखेच्या दिवशी फक्त हाताने निवडता येईल अशी भाजी. मेथी, गवार, मटार, हिवाळ्यात ओला पावटा. अंधेरीच्या ऑफिसातली तुझी डबेवाली गिऱ्हाईकं डबा उघडून म्हणायची, आज मेथी, म्हणजे काल मावशींची तारीख होती! पुकारा व्हायचा, तू हातातली जुडी मालतीकाकूकडे देऊन आत जायचीस, "हजर" म्हणायचीस, पुढची तारीख घेऊन बाहेर यायचीस आणि उरलेली जुडी पुरी करायचीस. कधी साक्षीदार यायचा नाही, कधी मॅजिस्ट्रेट साहेबांची बदली झालेली असायची. व्हरांड्यातल्या इतर बायका पण मदतीला बसायच्या. कुणाचा नवरा आत, कुणाची पोटगी अडकलेली. त्यांच्या अर्जांचे शिक्के नीट बसलेत का ते तू बघून द्यायचीस.

या सगळ्यातून एक एक बाई कमी होत गेली. त्यात त्यांची काय चूक? घरकामाला जाणाऱ्या बायका, प्रत्येक तारखेला खाडा कसा परवडणार? वकील म्हणायचे, गुन्हा कबूल करा, दंड भरा, आजच्या आज मोकळ्या व्हा. दहा जणी कबूल करून मोकळ्या झाल्या. उरलात तू आणि मालतीकाकू. तू एकीलाही टोचून बोलली नाहीस. पण स्वतःवर आली की तुझं एकच, "बसले होते, हे कबूल. गुन्हा कशाला कबूल करू?"

आता ते सांगते, ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

मला विमानतळाच्या कार्गोत पर्मनंट करणार होते तेव्हाचं. त्यांचा पास लागतो, पासासाठी पोलीस चौकशी. माझ्या डोक्यात बसलं की आईची केस निघणार आणि माझी वाट लागणार. तुला किती वेळा म्हटलं, "सोड ना आई, एक सही करायची आणि संपवायचं. कशाला ही नसती लफडी?" तू ऐकलं नाहीस. मग मी वकिलांकडून तो अर्ज टाइप करून आणला, गुन्हा कबूल असल्याचा. खाली तुझं नाव, सहीसाठी फुली मारलेली. दुपारी तू पोळ्या लाटून हात धूत होतीस. मी कागद समोर ठेवला, ऑफिसचं निळं पेन दिलं आणि म्हणाले, "डब्यांच्या परवान्याचा फॉर्म आहे. इथे सही कर पटकन."

मी विसरले होते, आई. चाळिसाव्या वर्षी विहारातल्या वर्गात जाऊन तू वाचायला शिकली होतीस. गिरवलेली मुळाक्षरं मला दाखवायला बसायचीस, मग एकदा मीच तुला जोडाक्षरं शिकवली. आणि मी विसरले! की मला वाटलं, एवढं बारीक टाइप केलेलं ती कुठे वाचणार?

तू चष्मा लावलास. ओळीखाली बोट ठेवून वाचत गेलीस. पहिली ओळ, दुसरी ओळ. मी पंख्याकडे बघत उभी. शेवटच्या ओळीपर्यंत तुझं बोट गेलं, फुलीपाशी थांबलं. तू पेनाचं टोपण काढलंस, कागदाच्या कडेला दोनदा हवेतच फिरवल्यासारखं केलंस आणि टोपण परत लावलंस.

"हे पेन चालत नाय गं," म्हणालीस. कागदाची घडी करून माझ्या हातात दिलीस आणि पोळ्यांचा डबा भरायला उठलीस.

बस, एवढंच! त्या दिवशी नाही, नंतरही नाही, कधीही तू त्यावर एक शब्द बोलली नाहीस. का गं? एक शिवी तरी घालायचीस! एक थोबाडीत तरी द्यायचीस! रागावली असतीस तर मी उलटून भांडले असते आणि मोकळी झाले असते. तू संध्याकाळी माझ्या ताटात पहिली पोळी वाढलीस आणि ती मला गिळवेना. माझा पास पंधरा दिवसांत आला. चौकशीला आलेल्या पोलिसाने तुझं नावही काढलं नाही. ज्याच्यासाठी मी तुला फसवायला निघाले होते, तसं काही नव्हतंच.

ते माझ्या मनात राहिलं. तू आजारी पडलीस, तुला हॉस्पिटलात नेलं, तेव्हा रोज ठरवायचे की आज माफी मागायची. रोज तू काहीतरी भलतंच विचारायचीस, पावटा आला का बाजारात, मालतीचा गुडघा कसा आहे. आणि मग एका सकाळी विचारायला तू नव्हतीस.

तर ते वॉरंट. शिंदे मॅडम म्हणाल्या, दाखला घेऊन कोर्टात या, तुमच्या आईंचा विषय संपेल. मी दाखला घेऊन गेले. विधी सेवेच्या वकीलबाई होत्या, तरुण, भरभर बोलणाऱ्या. म्हणाल्या, मयत आरोपीवरचा खटला तिथेच संपतो. मी विचारलं, "संपतो म्हणजे निर्दोष ना?"

"नाही हो. संपतो म्हणजे संपतो. दोषी नाही, निर्दोष नाही."

हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. तारखा गेल्या, पोलीस गेले. पण मी कोर्टाच्या व्हरांड्यात तुझ्या नेहमीच्या जागेवर बसले आणि उठवेना. सात वर्षं तू एका शब्दासाठी खेटे घातलेस आणि तो शब्द तुला मिळणारच नाही? तू गेल्यावर झालेल्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसं आठवली. भाषणं चांगली झाली, पण मागच्या रांगेत कुजबुज होतीच, "त्यांच्यावर केस होती ना?" तेव्हा मी मान खाली घालून वाढत होते.

मी वकीलबाईंना विचारलं, आता काहीच होऊ शकत नाही का? त्या म्हणाल्या, "दुसऱ्या आरोपी आहेत ना? त्यांनी खटला चालवला तर त्या दिवशी काय झालं यावर कोर्टाला बोलावंच लागेल." म्हणजे सगळं मालतीकाकूवर आलं. आणि नुकतीच गावाहून परतलेली मालतीकाकू कंटाळली होती. मुलगा गावी बोलवत होता, गुडघा साथ देत नव्हता. पुढच्या तारखेला कबूल करून टाकते, असं तिने ठरवलंही होतं.

मी कुठल्या तोंडाने तिला सांगणार, नको कबूल करू म्हणून? मी? जिने स्वतःच्या आईला कबूल करायला लावायचा कागद आणला होता?

तिच्या घरी गेले. ती गुडघ्याला तेल चोळत होती. मी बसले आणि आधी ते सगळं सांगून टाकलं. फॉर्म, परवान्याचं खोटं, पेन, सगळं. काकूने तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"गो, ता माका ठावक आसा," ती म्हणाली. "तुझ्या आवशीन त्याच दिवशी सांगल्यान."

मी विचारलं, "काय सांगितलं आईने?"

"म्हणाली, पोरगी भियाली हा. तिका कायव बोला नको. मोठी झाली की समजात तिका."

आई! मी तेव्हा बत्तीस वर्षांची घोडी होते आणि तू म्हणतेस, मोठी झाली की समजेल? मी तिथेच काकूच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, तेलकट मांडीवर. इतकी वर्षं छातीवर होतं ते एका वाक्यात उतरलं. तुला राग आला नव्हता असं मी म्हणत नाही. पण तू मला त्याच दिवशी सोडून दिलं होतंस, हे मला इतक्या उशिरा कळावं?

काकूने माझे डोळे पुसले आणि म्हणाली, "मी बसतंय गो. तुझी आवस नाय, तर तू बस बाजूक."

मग मी बसले. नऊ तारखा झाल्या, प्रत्येक तारखेला सुट्टी टाकली, काकूला रिक्षातून नेलं आणि आणलं. पिशवीत भाजी. मला तुझ्यासारखी मेथी निवडता येत नाही, काड्या राहतात. शिंदे मॅडम येता जाता माझी जुडी बघून नाक मुरडायच्या आणि स्वतः बसून परत निवडायच्या. पुकाऱ्यात तुझं नाव यायचं नाही, थेट काकूचं यायचं.

साक्षीला वॉर्ड ऑफिसातला तोच शिपाई आला, आता रिटायर झालेला. वकीलबाईंनी विचारलं, बायकांनी कुणाला अडवलं? "नाही." जिना बंद केला? "नाही, कडेला बसल्या होत्या." काय करत होत्या? तो म्हणाला, "गवार मोडत होत्या, साहेब." मॅजिस्ट्रेट साहेबांनी तोंडावर हात धरला. मनाई आदेश त्या दिवशी कुणाला वाचून दाखवला, हे पोलिसांनाही सांगता आलं नाही.

आज निकाल. साहेबांनी वाचला, आम्ही दोघी उभ्या. काकूने माझा दंड इतका घट्ट धरला होता की अजून लाल आहे. निर्दोष! काकू निर्दोष. पुढचं ऐक. कागदावर तुझ्या नावापुढे 'मयत' एवढंच लिहिलंय, ते मला माहीतच होतं. पण शेवटच्या पानावर साहेबांनी लिहिलंय, त्या दिवशी जिन्यावर बसलेल्या बारा महिला आपल्या मूलभूत गरजेची मागणी शांतपणे करत होत्या, आणि त्यांच्या त्या कृतीत कोणताही गुन्हा दिसून येत नाही. बारा, आई! काकूच्या एकटीचं नाही. कबूल करून गेलेल्या दहा जणींचंही, आणि तुझंही. मी ती ओळ तुझ्यासारखं बोट ठेवून वाचली. मग काकूला वाचून दाखवली. मग शिंदे मॅडमना.

कोर्टातून बाहेर पडल्यावर मी पोटभर पाणी प्याले. का कोण जाणे, पण तेवढंच सुचलं.

पुढच्या रविवारी तू गेल्याला दोन वर्षं होतील, तुझं पुण्यानुमोदन आहे. या वेळी भाषणं कमी ठेवायला सांगितली आहेत. वंदना झाली की मी तो निकाल वाचणार, सगळा. मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा. त्या दहाही जणींना बोलावलंय. सुमनमावशी फोनवर विचारत होती, "मला पण यायचं का? मी तर कबूल केलं होतं." मी म्हटलं, या, त्यात तुम्हीपण आहात.

आणि एक. आपला संडास परत दुरुस्तीला काढणार आहेत, दोन महिने. बायकांची पर्यायी सोय काय, तर नोटिशीत एक अक्षर नाही. गल्लीतल्या पोरींनी अर्ज लिहिलाय आणि काल माझ्याकडे आणून दिला, ताई, तुम्ही सही कराल का म्हणून. इतकी वर्षं अशा कागदांपासून मी लांब पळाले. या वेळी पहिल्या नंबरवर माझी सही असेल. पोच घेईन, शिक्का बघून घेईन. आणि त्यांनी ऐकलं नाही तर जिना कुठे आहे ते मला माहीत आहे. तुला शब्द देते, मी तिथे येऊन बसेन. भाजी घेऊन.

तुझी कोर्टाची कापडी पिशवी आज रिकामी केली. तारखांच्या चिठ्ठ्या, वाळलेली मेथीची पानं, चष्म्याचं घर आणि तळाशी एक निळं पेन. माझ्या ऑफिसचं. तू ते ठेवून घेतलं होतंस!

हे सगळं पत्र त्याच पेनाने लिहिलंय. चालतंय गं, आई.

तुझी,
वैशाली